गज असावा नळीच्या मापाचा



बंदुकीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया उभ्या राहतात. कोणी कोणावर चाल केली, कोणत्या पलटणीने किती फैरी झाडल्या, कोण जिंकले, कोण हरले. शाळेच्या पुस्तकात तेच असते आणि आम्ही कॉलेजात शिकवतो त्यातही बहुधा तेच असते. पण फैर झडल्यानंतर त्या बंदुकीच्या पोटात काय उरत असे, आणि ते कोण व कशाने काढीत असे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज मी त्याच गोष्टीविषयी सांगणार आहे. विषय दिसायला किरकोळ आहे. एक गज, त्याच्या टोकाची बोंडी आणि एक चिंधी. परंतु या तीन वस्तू नळीच्या मापाच्या नसल्या, तर उत्तम रायफलसुद्धा थोड्याच फैरींत लोखंडी काठी होऊन बसते. आणि १८५७ साली ज्या काडतुसावरून एवढे रण माजले, त्याला चरबी लावावीच का लागली, याचे उत्तरही याच गजाच्या आणि नळीच्या गोष्टीत आहे.

आधी एक घरातली आठवण सांगतो. कोकणात आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, परवान्याची. भात पोटरीला आले की रानडुकरे शेतात उतरत, म्हणून शेतीच्या राखणीसाठी ती ठेवलेली. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. आजोबा घरी नव्हते. बंदूक साफ करून त्यांना चकित करावे असे माझ्या मनात आले. आजीच्या जुन्या लुगड्याची चांगली जाडजूड घडी केली, गजाच्या टोकाला गुंडाळली आणि नळीत घातली. वीतभर गेली, मग अडली. मी जोर केला. हातभर गेली आणि तिथे जी बसली ती मागे येईना की पुढे जाईना. संध्याकाळी आजोबा आले. ते रागावले नाहीत. नळीत पाणी ओतले, रात्रभर बंदूक तशीच उभी ठेवली आणि सकाळी गज हळूहळू फिरवत उपसला. चिंधी आतच राहिली होती. ती आकड्याने काढली. मग एवढेच म्हणाले, "बाबू, आधी माप बघायचं, मग जोर लावायचा." आणि दुसरे म्हणाले ते मात्र करड्या आवाजात: "भरलेली आहे की रिकामी, हे बघितल्याशिवाय पुन्हा हात लावलास तर याद राख."

या दोन वाक्यांत आजच्या भाषणाचा सगळा सार आला आहे. आता थोडे विस्ताराने पाहू.

ठासणीच्या बंदुकीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या नळीचे बूड बंद असते. दारू, गोळी, बूच, सगळे तोंडाकडून आत घालायचे आणि गजाने ठासायचे. म्हणून तर तिला ठासणीची बंदूक म्हणतात. जे तोंडाकडून आत गेले ते तोंडाकडूनच बाहेर यायला हवे. आजच्या बंदुकीचे बूड उघडता येते. आरपार उजेड दिसतो, मागून गज घालता येतो. ठासणीच्या नळीत डोकावले तर अंधार. म्हणजे साफ करणाऱ्याला डोळे नाहीत. जे काही कळायचे ते हातातल्या गजामधून कळायचे.

आणि आत साफ करण्यासारखे असते तरी काय? जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. साधारण प्रमाण शंभर भागांत सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १०. ही दारू पेटली की सगळीच हवा होऊन जाते असा आपला समज असतो. तसे होत नाही. वजनाने पाहिले तर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरतो. त्यातला काही धुरावाटे निघून जातो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला कीट होऊन बसतो. विझल्या चुलीच्या राखेसारखे हे कीट हवेतले पाणी ओढून घेते आणि ओले झाले की लोखंडाला खाऊ लागते. पुढे तांब्याच्या टोपीने बार उडवण्याची रीत आली, तेव्हा त्या टोपीतल्या मसाल्यातून निघणारा क्षार यात मिसळला. तोही गंज चढवण्यात पुढेच. कोकणातल्या पावसाळ्यात अशी बंदूक एक रात्र तशीच राहिली, तर सकाळी नळीत तांबूस गंज दिसू लागतो.

साध्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीत यावर सोपा तोडगा होता. गोळीच लहान ठेवायची. ब्रिटिश फौजेतली 'ब्राऊन बेस' म्हणून ओळखली जाणारी बंदूक घ्या. तिची नळी पाऊण इंच रुंद आणि गोळी सुमारे ०.६९ इंच. एवढी मोकळीक असल्यावर नळीत कीट साचले तरी गोळी गडगडत तळाशी जाई. भरणे झटपट होई; पण तीच गोळी सुटताना नळीत इकडेतिकडे आपटत निघे. शंभर पावलांच्या पलीकडे नेम कशाचा आणि काय!

रायफलीचे तसे नाही. रायफल म्हणजे जिच्या नळीला आतून मळसूत्री खाचा पाडलेल्या आहेत ती बंदूक. या खाचांमुळे गोळीला गिरकी मिळते आणि भोवरा जसा फिरता असला की सरळ उभा राहतो, तशी गोळी आपली दिशा सोडत नाही. ही युक्ती युरोपातल्या जर्मन प्रदेशात पंधराव्या-सोळाव्या शतकापासून माहीत होती. मग तुम्ही विचाराल, तीनशे वर्षे फौजांनी ती सरसकट का वापरली नाही? कारण हेच कीट. गिरकी मिळायची तर गोळी खाचांत घट्ट बसली पाहिजे. घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून घालायची, आणि नळीत तर कीट साचलेले. पाच-दहा फैरींत ठासणे मुश्कील होई. शिकाऱ्याला सवड असते. त्याने दोन बारांमध्ये नळी पुसून घ्यावी. रणांगणावरच्या शिपायाला ती सवड कोण देणार?

इंग्लंडमध्ये १८०० साली इझिकिएल बेकर या कारागिराची रायफल खास तुकड्यांसाठी घेतली गेली. तीस इंची नळी, सात खाचा आणि सबंध नळीत मळसूत्राचा फक्त पाव वेढा. गोळीला तुपट चिंधीचा वेढा देऊन ती ठासायची. सुरुवातीला या रायफलीबरोबर गोळी नळीत बसवायला लाकडी हातोड्यासुद्धा दिल्या होत्या. यावरून ठासण्याचा त्रास किती असेल ते लक्षात यावे. आता तिच्या दस्त्याकडे पाहा. त्यात पितळी झाकणाची एक डबी कोरलेली आहे. तीत गोळीच्या चिंध्या आणि साफसफाईची अवजारे राहत. अवजार हरवले तर रायफलही गेली, हे बनवणाऱ्याला पक्के ठाऊक होते. म्हणून अवजाराची जागा त्याने बंदुकीच्या अंगातच करून ठेवली.

पुढची पायरी १८४९ साली फ्रान्समध्ये पडली. मिनिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने लांबट, मागून पोकळ अशी शिशाची गोळी पुढे आणली. ही गोळी नळीपेक्षा किंचित लहान, म्हणून सहज आत जाते; बार झाला की पोकळ बूड फुगते आणि खाचांत घट्ट बसते. जाताना सैल, येताना घट्ट! याच तत्त्वावर इंग्लंडची १८५३ ची एनफील्ड रायफल निघाली. तिची नळी ३९ इंच, खाचा तीन, नळीचे माप ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर. गोळी ०.५६८ इंच. दोहोंमधले अंतर मोजा: एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले अवघे नऊ भाग! एवढ्याशा फटीत गोळीभोवतीचा कागदही बसायचा आणि आधीच्या बारांचे कीटही.

आणि इथेच ते काडतूस येते. त्या काळचे काडतूस म्हणजे कागदाची पुडी. तिच्यात मापलेली दारू आणि गोळी. शिपायाने पुडीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग पुडी उलटी करून गोळीचे टोक आत घालायचे, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गोळी ठासायची. गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून मेण-चरबी लावलेली असे. का? तर ती फटीत सरकावी म्हणून. आणि आधीच्या बाराचे कडक कीट मऊ होऊन पुढच्या गोळीबरोबर निघून जावे म्हणून. म्हणजे ती चरबी हे एक प्रकारचे साफसफाईचेच साधन होते. लढाई चालू असताना गज आणि चिंधी वापरायला सवड नाही, तेव्हा ते काम काडतुसाने करायचे.

युक्ती म्हणून ही नामी होती. पण चरबी कशाची, हा प्रश्न कारखान्यात कोणी गांभीर्याने विचारला नाही. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला कुजबूज सुरू झाली की, या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी आहे. त्याच महिन्यात हुकूम निघाला की, कोठारातून बिनचरबीची काडतुसे द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे. पुढे दाताऐवजी हाताने पुडी फाडायलाही परवानगी मिळाली. पण विश्वास एकदा उडाला तो उडाला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. २४ एप्रिलला मेरठला ८५ स्वारांनी काडतुसे घ्यायचे नाकारले आणि १० मे रोजी मेरठ पेटले. उठावाची कारणे अनेक होती: खालसा केलेली राज्ये, जमिनीचे प्रश्न, पलटणीतला असंतोष. शिवाय बहुतेक हिंदी शिपायांच्या हातात तोवर जुन्या गुळगुळीत नळीच्याच बंदुका होत्या. तरीही ठिणगी पडली ती मेण-चरबीच्या त्या पातळशा थरावर, हे विसरता येत नाही.

गंमत पाहा. ज्या फौजेने हा उठाव मोडला, तिलाही त्या काडतुसांनी छळले. इकडच्या उन्हात चरबी वितळून कागदात मुरे, गोळी कोरडी पडे, कीट कडक होई आणि थोड्या फैरींनंतर गोळी ठासली जाईना. अखेर १८५९ च्या सुमारास गोळीचे माप ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणले आणि वंगणासाठी निव्वळ मेण घेतले. फट नऊ भागांवरून सत्तावीस भागांवर गेली, तेव्हा ठासणे सुरळीत झाले.

मापाची आणखी एक गोष्ट याच काळातली. उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती दूरवर अचूक मारा करणारी रायफल देऊ नये असे सरकारने ठरवले. म्हणून १८५८ पासून त्यांच्यासाठी एनफील्डच्या घाटाच्याच, पण आतून गुळगुळीत अशा बंदुका निघाल्या. त्यांची नळी ०.६५६ इंच. बाहेरून पाहिले तर दोघी सख्ख्या बहिणी. तोच दस्ता, तोच घोडा, तशाच पट्ट्या. आतून मात्र एकीला तीन खाचा आणि दुसरी सपाट. आणि मापात दोन मिलिमीटरांचा फरक! आता रायफलीची बोंडी या दुसरीला लावली तर ती आत खुळखुळेल आणि कीट जागच्या जागी राहील. दुसरीची बोंडी रायफलीत तर शिरणारच नाही. बंदुकीचे रूप पाहून अवजार निवडू नये, नळीचे माप घेऊन निवडावे, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तेव्हा, अशा रायफलीसाठी जुने जाणते लोक अवजारे कशी निवडत, ते क्रमाने पाहू.

पहिले काम निवडण्याचे नाही, तपासण्याचे. बंदुकीचे तोंड कोणाकडेही न धरता, स्वतः तोंडासमोरून बाजूला राहून, गज हलकेच तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी त्याच्यावर खूण करावी. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तसाच लावून पाहावा. टोक बुडाशी, निपलच्या जवळ येते का? येत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे आधीच थांबत असेल तर आत बार भरलेला आहे, असेच धरून चालावे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईनंतर, १८६३ साली, मैदानातून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या. त्यांपैकी २४ हजारांच्या आसपास भरलेल्या होत्या आणि कित्येकींत एकावर एक दोन-दोन बार ठासलेले होते, असे पुढे नोंदवले गेले. तेव्हा जुनी बंदूक रिकामीच असणार, असे कधीही समजू नये.

दुसरे, गज. तो नळीपेक्षा बारीक हवा, पण इतका बारीक नको की दाब दिल्यावर वाकून नळीच्या अंगाला घासेल. तळाला टेकल्यावर वर मूठभर उरला पाहिजे, नाहीतर धरायचे कुठे? लाकडी गज असेल तर त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. तंतू आडवे असले की गज तिरपा मोडतो आणि त्याची चीर तळहातात शिरते. गजाच्या टोकाचे धातूचे टोपण नुसते चिकटवलेले नको. आडवी खीळ मारलेले हवे. नाहीतर ओढताना गज हातात येतो आणि टोपण आत राहते. पोलादी गजाने आणखी एक काळजी घ्यावी लागते. गोळीचा नळीशी शेवटचा संबंध येतो तो तोंडापाशी. तिथल्या खाचांच्या कडा गजाने घासून झिजल्या की नेम गेला. म्हणून नळीच्या तोंडावर मधोमध भोक असलेली पितळी टोपी बसवतात आणि गज त्या भोकातून चालवतात.

तिसरी, बोंडी आणि चिंधी. या दोघींचे माप एकत्रच पाहायचे. बोंडी म्हणजे गजाच्या टोकाचा दातेरी किंवा कड्याकड्यांचा तुकडा. एनफील्डच्या गजाच्या डोक्याला त्यासाठी दाते आणि चिंधी ओवायला फटही असे. नुसती बोंडी नळीत अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. चिंधीसकट घातली की तळहाताच्या सरळ दाबाने सरकली पाहिजे. धक्के मारावे लागत असतील तर चिंधी जाड झाली, बदला. अगदी हलकी जात असेल तर खाचा कोरड्याच राहिल्या. परीक्षा सोपी आहे. चिंधी बाहेर काढून उलगडा. रायफल असेल तर तिच्यावर खाचांचे पट्टे उमटलेले दिसतील. पट्टे नसतील तर तुम्ही नुसते उंचवटे पुसलेत. चिंधी सुती आणि धुऊन मऊ झालेली असावी. पाणी न शोषणारे कापड इथे कामाचे नाही.

चौथे, आकडा आणि पेच. मळसूत्री दुहेरी आकडा आत राहिलेली चिंधी काढायला. अणकुचीदार पेच शिशाच्या गोळीत रुतवून ती उपसायला. हे दोन्ही नळीच्या बरोबर मधोमध चालले पाहिजेत, म्हणून त्यांच्यामागे नळीच्या मापाचे कडे असलेले बरे. नाहीतर पेच शिशाऐवजी नळीचे अंग ओरखडतो. अवजाराचे आटे आणि गजाचे आटे एकमेकांना जुळलेच पाहिजेत. दोन फेऱ्यांत घट्ट झाले म्हणजे जुळले असे समजू नये. ताणले की ते निसटतात आणि काढायच्या वस्तू एकाच्या दोन होतात. भरलेल्या बंदुकीतली गोळी उपसणे हे मात्र जाणकाराचेच काम. आत दारू असते, हे ध्यानात असू द्यावे.

पाचवे, बूड. काही नळ्यांचे बूड सपाट असते, काहींचे वाटीसारखे, तर काहींचे तळाशी अरुंद होत गेलेले. सपाट खरवडणी वाटीच्या बुडाला टेकत नाही आणि कोपऱ्यात कीट राहते. अरुंद बुडाला दुसरी, लहान बोंडी लागते. सहावी, निपलची चावी. ज्या लहानशा पोकळ खुंटीवर तांब्याची टोपी बसते, ती निपल. तिची चावी चौकोनावर नेमकी बसली पाहिजे. सैल चावीने कोपरे गोल होतात आणि मग ती खुंटी निघता निघत नाही.

एवढे झाले की उरते ते पाणी. हो, पाणीच. दारूचे कीट हे क्षाराचे असते; ते पाण्यात विरघळते, तेलात नाही. आधी तेल लावणाऱ्याने घाण तेलाखाली झाकून ठेवली, एवढेच होते. आधी पाणी, गरम असेल तर उत्तम, कारण तापलेली नळी लवकर सुकते. मग कोरड्या चिंध्या, एकापाठोपाठ एक, शेवटची पांढरी निघेपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी तेलाचा हलका हात.

१८६६ मध्ये इंग्लंडने एनफील्ड रायफलींचे बूड कापून त्यांना उघडझाप करणारे स्नायडर बूड बसवायला सुरुवात केली. बंदूक मागून भरू लागली आणि फौजेतले ठासणीचे युग मागे पडले. या बंदुका आज वस्तुसंग्रहालयांत दिसतात, काही परवानाधारक शेतकऱ्यांच्या घरी दिसतात. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना संग्रहालयात न्याल तेव्हा त्यांना बंदुकीच्या नळीखालचा गज दाखवा. त्याच्या टोकाला दाते आहेत का, फट आहे का, हे बघायला सांगा. मापाचे अंतर हजारांत नऊ भाग म्हणजे किती, याचे गणित वर्गात घाला. आणि कोणाच्या माळ्यावर जुनी बंदूक सापडलीच, तर तिच्यात काही खुपसू नका. बिनपरवाना शस्त्र ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात कळवावे आणि जाणकाराच्या हाती द्यावे.

आमच्या आजोबांनी तेव्हा त्या गजावर बोंडीपासून मोजून दोन खुणा करून ठेवल्या होत्या. एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. त्याच दिवशी त्यांनी लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यातून बरोबर मापाच्या चिंध्या कापून माझ्या हातात दिल्या आणि पाहत उभे राहिले. पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली. अकरावी पांढरी निघाली. मग त्यांनी बंदूक खुंटीला लावली आणि आम्ही जेवायला बसलो.